गुळवेल म्हणजे नक्की कोणती वेल?

खोड हिरवट, त्यावर गाठी नाहीत, चीक नाही, फुलाला पाकळ्या सहा, फळं गोल आणि लाल : ही गुळवेल. खोड करडं, गाठीगाठींचं, दुधासारखा चीक, पाकळ्या तीन, फळं लांबट आणि नारिंगी : ही गुळवेल नव्हे. करोनाची दुसरी लाट ओसरल्यावर केंद्राच्या आयुष खात्याने दोन रकान्यांचा असा एक तक्ता काढला. तोवर गल्लोगल्लीच्या कडुनिंबावरच्या वेली छाटून, ठेचून, उकळून, पिऊन झाल्या होत्या.

गुळवेलीने यकृताला इजा होते की नाही, या वादाची उजळणी आजही अधूनमधून होते. कोणाच्या तरी रिपोर्टमध्ये कावीळ निघते, डॉक्टर विचारतात ‘घरी काही काढा वगैरे?’, आणि मग घरात दोन तट पडतात. या वादात वेलीच्या ओळखीचा प्रश्न उशिरा आला, आणि आला तोही उत्तर म्हणून. हे टिपण मुख्यतः त्याबद्दल आहे.

जुना काळ थोडक्यात, कारण तो बहुतेकांना ऐकून ठाऊक असतो. चरकसंहितेत बुद्धी वाढवणारी चार रसायनं सांगितली आहेत, त्यात गुडूचीचा रस आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात कथा येते की रावणवधानंतर इंद्राने अमृत शिंपडून मेलेल्या वानरांना उठवलं, आणि त्यांच्या अंगावरून ओघळलेले थेंब जिथे पडले तिथे ही वेल उगवली. म्हणून ती अमृता. कथेपेक्षा मला निघंटूंतली, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या वनस्पतिकोशांतली, बाकीची नावं जास्त कामाची वाटतात. छिन्नरुहा म्हणजे कापली तरी वाढणारी. चक्रलक्षणिका म्हणजे चाकाची खूण असलेली. वत्सादनी म्हणजे वासरं खातात ती. ही नावं पूजेची नाहीत, वेल ओळखून आणणाऱ्याने ठेवलेली आहेत. बोटाएवढ्या जाडीचं खोड विळ्याने आडवं कापा. मधून कडेपर्यंत गेलेले आरे दिसतात, बैलगाडीच्या चाकासारखे. वरची साल कांद्याच्या टरफलासारखी पातळ सुटते आणि खाली हिरवागार थर लागतो. आणि बुंध्याशी तोडलेली वेल झाडावर तशीच लटकत ठेवली, तर काही दिवसांत ती वरून सुतळीएवढी बारीक मुळं खाली सोडते. ती मुळं हवेत लोंबत लोंबत जमिनीला टेकतात, आणि वेल पुन्हा चालू.

काव्याने मात्र हिला कधी दारात घेतलं नाही. संस्कृत काव्यातली लता म्हणजे आंब्याला बिलगलेली वधू. शाकुंतलात शकुंतलेची लाडकी वनज्योत्स्ना ही आम्रवृक्षाची स्वयंवरवधूच आहे. मराठीत मुलगी वेलीसारखी वाढते, घराण्याची वंशवेल असते, आणि तेराव्या शतकातल्या अभंगात दारी लावलेल्या इवल्याशा रोपाचा वेल गगनाला जातो. (तिथे तो वेल आहे, पुल्लिंगी, कोकणात अजूनही बरेच जण ‘तो वेल’च म्हणतात. ‘ती वेल’ ही बहुधा घाटावरची आणि पाठ्यपुस्तकातली.) या सगळ्यात सुवास, फूल, नाजूकपणा हवा. गुळवेलीचं फूल मोहरीएवढं, पिवळट-हिरवं, तेही उन्हाळ्यात पानं झडलेली असताना येणारं. तिला कवी कुठून मिळणार?

आता नावांचा गुंता. ‘गुळवेल’ या शब्दात गूळ ऐकू येतो आणि चव कडूजहर. त्या ‘गुळ’चा गुळाशी संबंध नसावा, गुडूचीतला ‘ड’ मराठीत येताना ‘ळ’ झाला, इतकंच. हिंदीतली गिलोय आणि गुजरातीतला गळो याच घरातले. अमृता या नावावरून काही भागांत अमृतवेल म्हणतात, आणि खरी पंचाईत इथून सुरू होते. कारण अमृतवेलीच्या शेजारी ध्वनीने जवळजवळ तीच असलेली अमरवेल आहे. अमरवेल म्हणजे बोरीबाभळीवर, कुंपणावर पसरलेलं ते पिवळ्या दोऱ्यांचं जाळं : पान नाही, जमिनीत मूळ नाही, ज्या झाडावर चढेल त्याच्यातच शोषकं खुपसून जगणारी. वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत भ्रष्टाचाराला जी ‘अमरवेल’ म्हणतात ती ही. तिलाच कुणी आकाशवेल म्हणतं. आणि जुन्या औषधी सूचींमध्ये गुळवेलीच्या मराठी नावांत ‘अंबरवेल’ असंही एक नाव दिलेलं आढळतं. अंबर म्हणजे आकाश. म्हणजे आकाशवेल एक, अंबरवेल दुसरी, आणि दोघी एकमेकींच्या कुणी लागत नाहीत.

हे केवळ शब्दकोशाचं कोडं नाही. २०२० च्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका काकूंनी पिशवीभर पिवळे दोरे आणले होते, ‘अमृतवेल मिळाली’ म्हणून. फॉरवर्डमध्ये नाव होतं, फोटो नव्हता. वेळेवर गावाकडच्या आजींनी पाहिलं आणि ‘अगं ही अमरवेल’ म्हणून पिशवी उकिरड्यावर गेली. उलट्या बाजूने, गुळवेलीला बांडगूळ समजून आंब्यावरून ओरबाडून काढणारे शेतकरी मी पाहिलेत. गुळवेल झाडाचं काही खात नाही. तिचं मूळ तिच्या मातीत, पान तिचं स्वतःचं; झाड म्हणजे तिला फक्त मांडव. भार झाला तर फांदी वाकते हे खरं, पण ते वेगळं.

तिसरा गुंता एकाच कुळातला, आणि तोच पुढे सरकारी निवेदनात गेला. टिनोस्पोरा या वंशातली कॉर्डिफोलिया ती आपली गुळवेल. सायनेन्सिस ही दुसरी, पानाच्या खालच्या बाजूला लव असलेली. तिला काही जण पद्मगुडूची मानतात आणि ती बाजारात गुळवेल म्हणून सर्रास खपते. तिसरी क्रिस्पा, आग्नेय आशियात औषध म्हणून पूर्वापार वापरात असलेली आणि यकृताच्या तक्रारींसाठी आधीपासूनच बदनाम. तिघींची पानं हृदयाच्या आकाराची. या चंद्रबीजी कुळात आपल्याकडची वासनवेलही येते, जिची पानं पाण्यात चुरगळून ठेवली की पाण्याची हिरवी जेली होते. लहानपणी आम्ही त्याला ‘दही लावणं’ म्हणायचो.

आता २०२०. एक गोष्ट लोकांच्या आठवणीत हमखास चुकते. लॉकडाऊनच्या सुरुवातीला घरी करायचा जो काढा सरकारने सांगितला होता त्यात तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुका होत्या. गुळवेल त्यात नव्हतीच. मे महिन्यात ज्या औषधांच्या चाचण्या जाहीर झाल्या, त्यांत गुडूची आणि पिंपळी ही जोडी होती. मग ६ ऑक्टोबरला आयुर्वेद आणि योगावर आधारलेली राष्ट्रीय उपचारपद्धती प्रसिद्ध झाली आणि तीत गुडूची घनवटी आली : ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, कोमट पाण्याबरोबर, १५ दिवस किंवा १ महिना किंवा वैद्य सांगतील तसं.

हा कागद नीट वाचला तर त्यात माप आहे, मुदत आहे, वैद्यही आहे. घरोघरी पोचलं ते फक्त नाव. घनवटी म्हणजे काढा आटवून आटवून घट्ट केलेल्या अर्काची गोळी. गुळवेल सत्त्व म्हणजे ताजं खोड ठेचून रात्रभर पाण्यात भिजवायचं, सकाळी कुस्करून गाळायचं आणि भांड्याच्या तळाशी बसलेला पांढरा पिठूळ साका वाळवायचा. काढा हे तिसरं प्रकरण, रस चौथं. चारही गोष्टींना लोक ‘गुळवेल घेतो’ एवढंच म्हणतात. किती घेता, तर ‘वीतभर’. वीतभर करंगळीएवढं की वीतभर मनगटाएवढं, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. आणि ‘घरचंच आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य तर काढ्याबरोबर फुकट मिळत होतं.

जुलै २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी एका वैद्यकीय नियतकालिकात ६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात आलेले, गुळवेल घेतलेले, यकृताला सूज असलेले. आणि तपासण्यांत ती सूज स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला केल्यासारखी दिसत होती. डॉक्टरांचा तर्क साधा होता : जी वनस्पती प्रतिकारशक्तीला डिवचते म्हणून घेतली जाते, ती काही जणांत नको तिथे डिवचत असेल.

काही दिवसांतच खात्याचं उत्तर आलं. गुळवेलीचा यकृताच्या बिघाडाशी संबंध जोडणं दिशाभूल करणारं आहे, रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीचं पृथक्करण झालेलं नाही, ती क्रिस्पासारखी दुसरीच वेल असू शकते. हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. शास्त्रात नमुना कोणता हे आधी ठरतं, आणि ६ जणांवरून साऱ्या देशाचं निदान होत नाही. पण हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारून पाहा. दोन वेलींत घोटाळा होतो आणि त्यातली एक यकृताला बाधते हे खात्याला ठाऊक होतं, तर ते सांगायची वेळ ऑक्टोबर २०२० ची होती. शिफारस करताना वेल एकच होती. तक्रार आल्यावर दोन झाल्या. मला या साऱ्या प्रकरणात सर्वात खटकणारी गोष्ट हीच वाटते, आणि ती औषधाच्या गुणदोषापेक्षा वेगळी आहे.

पुढे २०२२ मध्ये देशभरातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून गुळवेल घेतल्यावर यकृत बिघडलेल्या ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला. निम्म्याहून अधिक स्त्रिया. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक (निम्मे रुग्ण त्याच्या आत, निम्मे नंतर) ४६ दिवस, म्हणजे कागदावरच्या १ महिन्याच्या पुढे. आपल्या यकृतात आधीपासून काही बिघाड आहे याची कल्पनाच नसलेले लोक त्यात होते. या वेळी मिळाले तिथे नमुने प्रयोगशाळेत तपासलेही गेले. खात्याने पुन्हा निवेदन काढलं की उपलब्ध माहितीनुसार गुडूची सुरक्षित आहे. आयुर्वेदाचे अभिमानी आणि ॲलोपॅथीचे अभिमानी यांनी त्यानंतर समाजमाध्यमांवर जे केलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. ज्या वैद्यांनी आयुष्यभर नाडी पाहून, मोजून, ठरावीक दिवस गुळवेल दिली, त्यांचा आवाज त्या गोंगाटात कुठेच ऐकू आला नाही.

ओळखीच्या तक्त्याकडे परत येऊ. त्यातली वाक्यं बरोबर आहेत, पण वापरायला बसलं की हात अडखळतो. ‘गाठी नाहीत’ म्हटलं तरी गुळवेलीच्या जून खोडावर श्वसनरंध्रांचे बारीक खरखरीत उंचवटे असतातच, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्याच गाठी वाटतात. पाकळ्या मोजायच्या तर फूल मोहरीएवढं, आणि ते वर्षातले मोजके दिवस. फळांचं तर आणखीच वेगळं : या वेलीत नर-मादी वेगवेगळे असतात आणि लाल फळांचे घोस फक्त मादी वेलीलाच लागतात. दारची वेल नर निघाली तर त्या रकान्याचा उपयोग शून्य. शिवाय लोक विकत घेतात ती वाळकी कांडकी, चूर्ण किंवा गोळी. गोळीला पाकळ्या नसतात.

त्या वाळक्या कांडक्या येतात कुठून? मागणी चढली तसा याचा एक धागा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात गेला. तिथल्या कातकरी तरुणांनी आदिवासींच्या वनोपजासाठीच्या सरकारी वनधन योजनेतून गुळवेल गोळा करून, वाळवून विकायला सुरुवात केली आणि मोठमोठ्या औषध कंपन्यांकडून त्यांना ३५० टनांची, १ कोटी ५७ लाख रुपयांची ऑर्डर मिळाल्याचं सरकारनेच सांगितलं. भागाकार केला तर किलोला ४५ रुपयांच्या आसपास. त्याच वेलीची गोळी डबीत भरून शहरात कितीला मिळते ते दुकानात पाहावं. गंमत अशी की ओळखीच्या या सगळ्या भानगडीत ज्यांना तक्त्याची गरज नव्हती ते हेच लोक. रानात वेल ओळखणाऱ्याला पाकळ्या मोजाव्या लागत नाहीत. तो साल नखाने खरवडतो, कापून चाक पाहतो, तुकडा जिभेला लावतो. जुन्या निघंटूतली नावं आणि त्याचे हात एकच भाषा बोलतात.

आमच्या सोसायटीच्या कुंपणालगतच्या कडुनिंबावरची वेल एप्रिल २०२१ मध्ये कुणीतरी जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत साफ तोडून नेली होती. जूनमध्ये वरच्या तोडलेल्या टोकांतून दोरे खाली आले. पावसाळा संपता संपता त्यातले तीन मातीत रुजले. आता ती दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत पोचली आहे. साल सुटते, चाक दिसतं, चीक नाही. दर उन्हाळ्यात फुलंही येतात. लाल फळ मात्र आजवर एकही लागलेलं नाही, त्यामुळे ती नर असावी असा आमचा अंदाज आहे.