पोकेमॉनमधलं टाइप मॅचअप

पोकेमॉनच्या गेम्समध्ये प्रत्येक पोकेमॉनला एक किंवा दोन टाइप असतात, प्रत्येक अटॅकलाही एक टाइप असतो, आणि अटॅकचा टाइप समोरच्याच्या टाइपवर भारी पडतो की नाही यावर डॅमेज दुप्पट होतं, निम्मं होतं किंवा चक्क शून्य होतं. यालाच टाइप मॅचअप म्हणतात आणि सगळ्या जोड्यांच्या तक्त्याला टाइप चार्ट. पहिले गेम, रेड आणि ग्रीन, जपानमध्ये 27 फेब्रुवारी 1996 ला गेम बॉयवर आले तेव्हा 15 टाइप होते, आता 18 आहेत. पाण्याने आग विझते, आगीत गवत जळतं, गवत पाणी शोषून घेतं, एवढं कुणालाही पहिल्या दिवशी कळतं, पण लढाई खरी ठरते ती मागे चाललेल्या गुणाकारावर.

अटॅक भारी पडत असेल तर डॅमेजला 2 ने गुणायचं, समोरचा तो टाइप झेलणारा असेल तर 0.5 ने, लागतच नसेल तर 0 ने, बाकी वेळी 1. समोरच्याला दोन टाइप असतील तर दोन्हीचे आकडे एकमेकांशी गुणायचे. गॅराडोस वॉटर आणि फ्लाइंग आहे, इलेक्ट्रिक दोन्हींवर भारी, म्हणून वीज त्याला चौपट लागते. चारिझार्ड फायर आणि फ्लाइंग, त्याला रॉक चौपट. उलट स्वँपर्ट वॉटर आणि ग्राउंड असल्यामुळे 2 गुणिले 0, म्हणजे वीज त्याला काहीच करत नाही, शून्य आलं की बाकी सगळे आकडे संपले. यावर आणखी एक गोष्ट चढते, ती म्हणजे स्टॅब: पोकेमॉनने स्वतःच्याच टाइपचा अटॅक वापरला तर डॅमेज दीडपट.

एक हिशोब करून बघू. दोघं लेव्हल 50 चे, पिकाचूचा स्पेशल अटॅक (असा अटॅक मारायची ताकद) आणि गॅराडोसचा स्पेशल डिफेन्स (तो झेलायची ताकद) दोन्ही 100 धरले. 90 पॉवरच्या थंडरबोल्ट या इलेक्ट्रिक अटॅकचं मूळ डॅमेज येतं 41, स्टॅब लावून 61, मग 4 ने गुणून 244. गेम दर वेळी मूळ आकड्याला 85 ते 100 टक्क्यांमधला कुठलातरी गुणक लावतो, तो सगळ्यात वाईट लागला तरी 204 होतात, आणि लेव्हल 50 च्या गॅराडोसचा एचपी, म्हणजे जीव, जास्तीत जास्त 202 असतो, म्हणजे एका फटक्यात खेळ खलास. हेच आकडे ठेवून 150 पॉवरचा हायपर बीम हा नॉर्मल टाइपचा अटॅक, स्वतः नॉर्मल टाइपचा नसलेल्या कुणी मारला तर जास्तीत जास्त 68. म्हणून नवीन खेळणाऱ्यांनी नुसती पॉवर बघून अटॅक निवडू नये असं मला अगदी मनापासून वाटतं, आधी टाइप बघावा.

आपल्याकडे बरेच जण कार्टून नेटवर्कवर हिंदीत मालिका बघून पोकेमॉनकडे आले, त्यामुळे एक गैरसमज हमखास असतो. मालिकेत ब्रॉकचा ऑनिक्स पाण्याने भिजल्यावर पिकाचूची वीज त्याला लागते, गेममध्ये असं काही होत नाही. ऑनिक्स रॉक आणि ग्राउंड आहे आणि इलेक्ट्रिकचा ग्राउंडवर परिणाम शून्य, भिजला काय आणि कोरडा काय. घराच्या वायरिंगमधलं अर्थिंग आठवलं तर हे लगेच पटतं, वीज जमिनीत निघून जाते. येलो या गेममध्ये तर सुरुवातीला हातात पिकाचूच देतात आणि पहिला जिम लीडर ब्रॉक, म्हणजे टाइप चार्टचा धडा पहिल्याच जिममध्ये, आणि मला ही रचना फार आवडते.

चार्ट पहिल्यापासून आत्तासारखा नव्हता. पहिल्या गेम्समध्ये सायकिक टाइप बेसुमार ताकदवान होता, त्याच्यावर भारी पडणारा फक्त बग, आणि बगचे अटॅक अगदीच किरकोळ, लीच लाइफची पॉवर तेव्हा 20 होती. घोस्ट भारी पडायला हवा होता पण चार्टमध्ये तिथे शून्य राहून गेलं, आणि तसंही तेव्हाचे सगळे घोस्ट पोकेमॉन पॉइझनही होते, ज्याच्यावर सायकिक दुप्पट, त्यामुळे अलकझामसारख्या सायकिक पोकेमॉनला आवरणं कठीण होतं. 1999 मध्ये गोल्ड आणि सिल्व्हर आले तेव्हा ती चूक दुरुस्त झाली, शिवाय डार्क आणि स्टील हे नवे टाइप आले, त्यातल्या डार्कला सायकिक लागतच नाही. मग ड्रॅगनचा प्रश्न उरला, कारण ड्रॅगनचे अटॅक झेलणारा एकटा स्टील. 2013 मध्ये एक्स आणि वायमध्ये फेअरी आणला, ज्याला ड्रॅगन शून्य लागतो आणि जो उलट ड्रॅगनवर दुप्पट बसतो. माझ्या मते चार्टमधला सगळ्यात विचार करून केलेला बदल हाच, कारण एका नव्या टाइपने फायटिंग, डार्क आणि ड्रॅगन तिघांनाही आवर घातला आणि पॉइझनच्या अटॅकना, ज्यांना तोवर कुणी विचारत नव्हतं, काहीतरी काम मिळालं.

अजून एक मोठा बदल 2006 चा, डायमंड आणि पर्लमधला. त्याआधी अटॅक फिजिकल (पोकेमॉनच्या अटॅकच्या आकड्यावर चालणारा) की स्पेशल (स्पेशल अटॅकच्या आकड्यावर चालणारा) हे टाइपवरूनच ठरायचं, सगळे वॉटर अटॅक स्पेशल. गॅराडोसचा बेस अटॅक 125 आणि स्पेशल अटॅक फक्त 60, म्हणजे वॉटरचे अटॅक त्याला फारसे कामाचे नव्हते, स्टॅब मिळूनही. 2006 पासून प्रत्येक अटॅकचं वेगळं ठरलं, वॉटरफॉल फिजिकल झाला आणि गॅराडोसचे दिवस पालटले.

चार्टला अपवादही भरपूर. 2002 च्या रुबी आणि सफायरपासून अ‍ॅबिलिटी, म्हणजे पोकेमॉनच्या अंगचे खास गुण, आल्या, लेव्हिटेट असेल तर ग्राउंडचे अटॅक लागत नाहीत, शेडिन्जाचा एचपी फक्त 1 पण वंडर गार्डमुळे त्याच्यावर भारी पडणारा टाइप सोडून कुठल्या अटॅकने त्याला थेट डॅमेज होत नाही. फ्रीझ-ड्राय हा आइस अटॅक, तरी वॉटरवर मुद्दाम दुप्पट ठेवलाय, त्यामुळे गॅराडोसला एरवीचा आइस अटॅक 1 पट आणि हा एकटा 4 पट. स्टेल्थ रॉक या अटॅकने पसरलेले दगड तर मैदानात येणाऱ्याला त्याच्या टाइपप्रमाणे टोचतात, एरवी एचपीचा आठवा भाग जातो, चारिझार्डचा अर्धा. नाइट शेडसारखे ठरलेलं डॅमेज देणारे अटॅक दुप्पट निम्मं काही मानत नाहीत, फक्त शून्य मानतात.

2022 च्या स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये टेरास्टलायझेशन आलं आणि लढाई चालू असतानाच टाइप बदलता यायला लागला. गॅराडोस टेरा ग्राउंड झाला की चौपट लागणारी वीज शून्य होते, आणि समोरच्याने नेमका तेव्हाच थंडरबोल्ट मारलेला असतो, त्यामुळे आता चार्ट पाठ असून भागत नाही, समोरचा टेरा कधी वापरेल याचाही अंदाज घ्यावा लागतो. पोकेमॉन गो या मोबाइल गेमवाल्यांनी मात्र वरचे आकडे वापरू नयेत, तिथे भारी अटॅक 1.6 पट, स्टॅब 1.2 पट, आणि शून्य हा प्रकारच नाही, त्याच्या जागी साधारण 0.39.