चौतीस मतांचा हिशोब

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला पदावरून घालवायचं तर आधी ४३५ जणांच्या प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने महाभियोग मंजूर करावा लागतो, मग १०० जणांच्या सिनेटने दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवावं लागतं. सगळे हजर असले तर ६७ मतं. राष्ट्राध्यक्षाच्या बाजूने मोजलं तर ३४ सिनेटर पुरतात. १९७४ साली वॉटरगेट प्रकरणावरून, म्हणजे विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीतली घरफोडी दडपल्याच्या आरोपावरून, राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यावर महाभियोगाची टांगती तलवार होती. त्यांच्या रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर चाळिसाच्या थोडे वर होते. विरोधक काहीही म्हणोत, निक्सनना फक्त आपलं घर सांभाळायचं होतं. दोन वर्षांपूर्वी ५० पैकी ४९ राज्यं जिंकलेल्या माणसाला ते जड जायचं कारण नव्हतं. ७ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यांच्याकडे पंधराच्या आसपास उरले होते.

स्वपक्षाचा पाठिंबा असा महिनोन्महिने टिकतो आणि मग चार दिवसांत का कोसळतो, याचं सोपं गणित समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये मांडलं. त्यांचं उदाहरण दंगलीचं आहे. चौकात १०० माणसं आहेत. प्रत्येकाचा एक ‘उंबरठा’ आहे: आपल्याआधी किती जणांनी दगड उचलला म्हणजे आपण उचलू, तो आकडा. पहिल्याचा उंबरठा ०, दुसऱ्याचा १, तिसऱ्याचा २, असं करत शेवटच्याचा ९९. पहिला उठतो, त्याला पाहून दुसरा, त्या दोघांना पाहून तिसरा, आणि शंभरही जण दंगलीत उतरतात. आता एकच बदल करा. ज्याचा उंबरठा १ होता त्याचा २ करा. पहिला दगड मारतो आणि पुढे कुणीच हलत नाही. दोन्ही जमावांची सरासरी जवळपास सारखीच, पण एकीकडे दंगल पेटली, दुसरीकडे एकटा माणूस पोलिसांच्या हाती लागला. म्हणूनच ‘पक्षात नाराजी किती’ हे विचारून फारसं काही कळत नाही. नाराज लोक कोणत्या क्रमाने उभे आहेत आणि मध्ये कुठे पायरी गाळलेली आहे, यावर सगळं ठरतं.

पहिली पायरी एडवर्ड ब्रूक. नोव्हेंबर १९७३ मध्ये राजीनामा मागणारे हे पहिले रिपब्लिकन सिनेटर. पण ते मॅसॅच्युसेट्सचे, म्हणजे १९७२ मध्ये निक्सन हरले त्या एकमेव राज्याचे, आणि पक्षातल्या उदारमतवाद्यांपैकी. ‘हे तर तसेच’ म्हणून इतरांनी दुर्लक्ष केलं. मार्च १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स बकली यांनीही राजीनामा मागितला. ते कट्टर परंपरावादी, त्यामुळे धक्का मोठा होता. तरीही रांग सरकली नाही.

कारण बाकीच्यांचा उंबरठा उंच होता, आणि तो उंच ठेवत होती तिथली उमेदवारीची पद्धत. अमेरिकेत तिकीट पक्षश्रेष्ठी वाटत नाहीत. ते बहुधा पक्षाच्या मतदारांमध्ये होणाऱ्या प्रायमरीतून मिळतं. गॅलपच्या पाहणीत निक्सन यांची लोकप्रियता जानेवारी १९७३ मधल्या ६७ टक्क्यांवरून १९७४ च्या उन्हाळ्यात २४ वर आली होती, पण रिपब्लिकन मतदारांपैकी निम्मे अखेरपर्यंत त्यांच्या बाजूने होते. लवकर साथ सोडली तर प्रायमरीत मार, उशीर केला तर नोव्हेंबरच्या निवडणुकीत. दुसऱ्या धोक्याची चुणूक फेब्रुवारीत दिसली होती: उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या जेराल्ड फोर्ड यांची मिशिगनमधली जागा, ६० हून अधिक वर्षांनी, डेमोक्रॅट उमेदवाराने जिंकली. प्रतिनिधिगृहातले मेरीलँडचे रिपब्लिकन लॉरेन्स होगन यांनी, महाभियोगाचे आरोप आधी तपासणाऱ्या गृहाच्या न्यायसमितीत मतदान व्हायच्या आधीच, महाभियोगाला पाठिंबा जाहीर केला आणि गव्हर्नरपदाची प्रायमरी हरले. त्याच समितीत शेवटपर्यंत निक्सन यांची बाजू लढवणारे न्यू जर्सीचे रिपब्लिकन चार्ल्स सँडमन नोव्हेंबरमध्ये पडले.

उंबरठे खाली आणले ते पुराव्यांनी, तेही टप्प्याटप्प्याने. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० असा निकाल देऊन निक्सन यांच्या संभाषणांच्या ध्वनिफिती सोपवायला लावल्या. त्या आठांत निक्सन यांनीच नेमलेले तीन न्यायमूर्ती होते, त्यामुळे ‘हा विरोधकांचा डाव’ हे वाक्य बाद झालं. २७ जुलैला ३८ जणांच्या न्यायसमितीत न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचा आरोप २७ विरुद्ध ११ ने मंजूर झाला. १७ पैकी ६ रिपब्लिकन त्यात सामील होते. ५ ऑगस्टला २३ जून १९७२ च्या संभाषणाचा मजकूर बाहेर आला. वॉटरगेटमधल्या घरफोडीनंतर सहाच दिवसांनी, एफबीआयचा तपास सीआयएच्या नावाखाली थांबवण्याच्या योजनेला निक्सन होकार देत होते. समितीत तिन्ही आरोपांविरुद्ध मत दिलेल्या दहाही रिपब्लिकनांनी आपण आता महाभियोगाला मत देऊ असं सांगितलं. त्यांत चार्ल्स विगिन्स होते, निक्सन यांची बाजू सर्वांत मुद्देसूद मांडणारे वकील. ब्रूक यांनी साथ सोडल्याने जे कुणाला कळलं नव्हतं ते विगिन्स यांनी सोडल्याने सगळ्यांना कळलं.

७ ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स ओव्हल ऑफिसमध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात गेले. तिघेही पक्षाचे वजनदार नेते. राजीनामा द्या, असं कुणीच म्हणालं नाही. त्यांनी फक्त मतं मोजून दाखवली. दुसऱ्या रात्री निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला, आणि कारण देताना गुन्हा कबूल न करता काँग्रेसमध्ये (अमेरिकेच्या संसदेत) पुरेसं पाठबळ उरलं नाही, एवढंच सांगितलं.

(आपल्याकडे सभागृहात व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं, त्यामुळे एकेकट्याने फुटणं परवडत नाही. घाऊक फुटावं लागतं. रांग तीच, पहिली पायरी फार उंच.)

या गणितात सगळ्यात मोठा फरक पडतो तो मत उघड की गुप्त, याने. दक्षिण कोरियात ९ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्यावरच्या महाभियोगाचं मतदान गुप्त होतं. ३०० सदस्यांत त्यांच्या सेनुरी पक्षाचे १२८, विरोधक आणि अपक्ष मिळून १७२. गरज २०० ची, म्हणजे पार्क यांच्या पक्षातून निदान २८ हवेत. गुप्त मतदानात कोण आधी गेलं हे कुणाला दिसतच नाही, त्यामुळे वाट पाहण्यात अर्थ उरत नाही. २३४ मतं पडली. १७२ पैकी प्रत्येकाने महाभियोगाला मत दिलं असं धरलं तरी स्वपक्षातले किमान ६२ जण फुटले होते. ते कोण, याची अधिकृत नोंद कुठेही नाही.