फ्लाइट प्लॅन भरायचा एकाच ठिकाणी

विमान आमच्या वर्कशॉपकडे सोपवताना बरेच ग्राहक एकच मागणी सांगतात: “सगळी यंत्रे एकमेकांशी बोलली पाहिजेत.” मागणी रास्त आहे. नॅव्हिगेटरवर भरलेला मार्ग समोरच्या मोठ्या पडद्यावर दिसावा, ऑटोपायलटने तो धरावा, आदल्या रात्री टॅब्लेटवर केलेली आखणी कॉकपिटमध्ये बसून पुन्हा टाइप करावी लागू नये. पण फ्लाइट प्लॅनच्या, म्हणजे भरलेल्या मार्गाच्या, बाबतीत सगळ्यांनी बोलून चालत नाही. एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे असते. बोलणारा कोण, हे वायर ओढण्याआधी तुमच्याशी ठरवता यावे म्हणून हे पत्रक.

मालक कोण?

छोट्या विमानातही आज प्लॅन साठवू शकणारी तीन-चार यंत्रे सहज असतात: जीपीएस नॅव्हिगेटर, ईएफआयएसचा (उड्डाणाची माहिती दाखवणारा इलेक्ट्रॉनिक) पडदा, कधी दुसरा नॅव्हिगेटर, आणि मांडीवरचा टॅब्लेट. आमचा सल्ला ठरलेला आहे. पॅनेलमधला मान्यताप्राप्त नॅव्हिगेटर हा मालक. पडद्याने त्याचा प्लॅन दाखवायचा. पडद्याच्या सेटिंगमध्ये याला ‘बाहेरचा’ प्लॅन म्हणतात आणि पडद्याच्या स्वतःच्या प्लॅनला ‘अंतर्गत’. नॅव्हिगेटरकडून येणारा डेटा तुटला की काही पडदे आपल्या अंतर्गत प्लॅनवर सरकतात. तो नकाशा तितकाच देखणा दिसतो, पण इन्स्ट्रुमेंट उड्डाणासाठी (बाहेर न दिसता केवळ यंत्रांवर उडताना) त्यावर विसंबता येत नाही. म्हणून हा बदल सांगणारी कोपऱ्यातली लहानशी सूचना कुठे आणि कोणत्या शब्दांत येते, हे आम्ही विमान परत देताना दाखवतो. कृपया ते बघितल्याशिवाय जाऊ नका.

ऑटोपायलटला मात्र प्लॅन बहुधा कळतच नाही. त्याला एवढेच हवे असते की आत्ता कोणत्या बाजूला, किती कलायचे. ही आज्ञा नॅव्हिगेटर मार्गावरून काढतो आणि एरिंक ४२९ (विमानातल्या यंत्रांमधल्या डेटाचे मानक) च्या वायरवरून १२१ क्रमांकाच्या लेबलखाली पाठवतो. त्यामुळे “पडद्यावर मार्ग दिसतो, मग ऑटोपायलट वळत का नाही?” याचे उत्तर पुष्कळदा प्लॅनच्या वायरीत नसतेच. ती जोडणी वेगळी आणि तिचे सेटिंगही वेगळे.

वायर दोन तऱ्हेच्या

आरएस-२३२ ही साधी जोडणी: पाठवणारी एक वायर, घेणारी एक, आणि ग्राउंड. पडद्याला फक्त ऐकायचे असेल तर एक वायर आणि ग्राउंड एवढ्यावर भागते. इथे जोडणी उलटी करायची असते, म्हणजे एकाची पाठवणारी पिन दुसऱ्याच्या घेणाऱ्या पिनेला. एरिंक ४२९ मध्ये पीळ दिलेली, शील्ड असलेली वायरींची जोडी लागते आणि ती सरळ जोडायची: ए ला ए, बी ला बी. एकात उलटे, दुसऱ्यात सरळ. दमलेल्या दुपारी चांगला हातसुद्धा इथे चुकतो, हे आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

एरिंकच्या एका जोडीवर बोलणारा एकच, ऐकणारे वीसपर्यंत चालतात. माहिती एकाच दिशेने जाते, त्यामुळे दोन नॅव्हिगेटरना आपसात देवघेव करायची असेल तर दोन जोड्या लागतात. वेगही दोन आहेत, सेकंदाला १२,५०० बिट किंवा १,००,००० बिट. एक टोक मंद आणि दुसरे जलद ठेवले तर वायरिंग निर्दोष असूनही पडदा कोराच राहतो. माहिती ३२ बिटांच्या शब्दांत तुकड्यातुकड्याने जाते, एकेक वेपॉइंट (मार्गावरचा बिंदू) करत. म्हणून लांबलचक प्लॅन पडद्यावर उमटायला क्षणभर लागला तर तो दोष समजू नये.

आरएस-२३२ बिघडले आहे का, हे साध्या मल्टिमीटरने बरेचसे कळते. डेटा जात नसताना पाठवणारी वायर ग्राउंडच्या तुलनेत उणे व्होल्ट दाखवते, साधारण उणे पाच ते दहा. एकदा एक विमान “पडदा खराब, बदलून द्या” अशा चिठ्ठीसह आले. नॅव्हिगेटरच्या टोकाला उणे सहा व्होल्ट होते, पडद्याच्या टोकाला शून्य. कनेक्टर उघडला तर क्रिम्प केलेली (वायरीवर दाबून बसवलेली) पिन खाचेत बसलीच नव्हती. मागे सरकून निवांत लोंबत होती. पडदा अर्थातच ठणठणीत होता. पिन खाचेत टक् करून बसल्यावर वायर हलकेच ओढून बघायची, ही आमच्याकडची सवय त्याच्याही आधीची आहे. तरी तेव्हापासून आम्ही दोनदा ओढतो.

जास्त गोंधळ सेटिंगमध्ये

तक्रारी घेऊन आलेल्या विमानांत वायर तुटलेली क्वचितच सापडते. पोर्ट, म्हणजे यंत्राचे वायर जोडायचे तोंड, चुकीच्या भाषेवर लावलेला असतो. प्रत्येक पोर्टला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: कोणत्या रचनेत बोलायचे आणि कोणत्या बॉड रेटने, म्हणजे डेटाच्या वेगाने. जुन्या धाटणीची ‘एव्हिएशन’ रचना ९६०० वर चालते. गार्मिन कंपनीची कनेक्स्ट रचना ५७६०० वर. एनएमईए ०१८३ (मूळची सागरी उपकरणांची रचना) चा मूळ वेग ४८००. दोन्ही टोकांचे आकडे जुळले पण रचना वेगळ्या असल्या तरी निकाल तोच, ‘डेटा नाही’.

रचना निवडताना केवळ “चालते का” एवढेच बघू नये. ‘एव्हिएशन’ रचनेत मार्ग म्हणजे नाव आणि अक्षांश-रेखांश असलेल्या बिंदूंची माळ. पडदा त्या बिंदूंमधून सरळ रेघा ओढतो. वक्र टप्पे, होल्डिंगचा (वाट बघताना घालायच्या घिरट्यांचा) आकार, वळणाची गोलाई नीट दिसायला हवी असेल, तर दोन्ही यंत्रांना झेपणारी अधिक श्रीमंत रचना किंवा एरिंक वापरावी. पोर्ट शिल्लक असतील तर आम्ही दोन्ही जोडतो.

हे सेटिंग जिथे राहते ती जागाही माहीत असावी. काही नॅव्हिगेटरमध्ये ते यंत्रात नसून मागच्या कनेक्टरजवळच्या छोट्या मोड्यूलमध्ये साठवलेले असते. दुरुस्तीसाठी यंत्र काढून दुसरे सरकवले तरी विमानाचे सेटिंग विमानातच राहते. सगळ्या यंत्रांत अशी सोय नसते.

काय पोचते, काय नाही

दोन नॅव्हिगेटरमध्ये क्रॉसफिल (एकात भरलेला प्लॅन दुसऱ्यात आपोआप जाणे) हवे असेल तर दोन्हींतला डेटाबेस एकाच आवृत्तीचा ठेवा. नॅव्हिगेशन डेटा २८ दिवसांच्या चक्राने बदलतो; एकाचे कार्ड नवे आणि दुसऱ्याचे जुने असले की क्रॉसफिल बंद पडते. “काल चालत होते, आज नाही” असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न हाच असतो: नुकताच डेटाबेस बदललात का?

वेगवेगळ्या घराण्यांच्या यंत्रांमध्ये अपेक्षा बेताची ठेवावी. एअरवे (ठरलेला हवाई मार्ग) किंवा अप्रोच (धावपट्टीकडे उतरण्याचा ठरलेला मार्ग) नावानिशी न पोचता नुसते सुटे बिंदू म्हणून पोचू शकतो. उंचीच्या मर्यादा वाटेत गळू शकतात.

टॅब्लेटवरून ब्लूटूथने येणारा प्लॅन आम्ही कधीही आपोआप चालू होईल असा लावत नाही. तो नॅव्हिगेटरवर प्रस्ताव म्हणून यावा, वैमानिकाने वाचावा आणि मगच स्वीकारावा. एक बटण जास्त दाबावे लागते, अशी कुरकुर आम्ही ऐकतो. ते बटण राहणारच. मागच्या सीटवरून कुणी टॅब्लेटशी खेळले आणि विमान वळले, असे कुणालाच नको आहे.

विमान परत घेताना

जमिनीवर, आमच्यासमोर, एवढे करून बघा. नॅव्हिगेटरवर चार-पाच वेपॉइंटचा प्लॅन भरा, शेवटी एक अप्रोच जोडा. पडद्यावर तोच क्रम आला का ते पाहा. मधला एक बिंदू काढून टाका. तो पडद्यावरूनही जायला हवा. मग नॅव्हिगेटरचा ब्रेकर (वीज तोडणारे बटण) ओढा आणि पडदा काय करतो ते शांतपणे बघत राहा. आम्हाला यातला सर्वांत मोलाचा मिनिट हाच वाटतो, आणि नेमका हाच घाईत वगळला जातो.

काम ठरवायला येताना प्रत्येक यंत्राचा नेमका मॉडेल क्रमांक आणि सॉफ्टवेअर आवृत्ती आणा. नावातला एक अंक बदलला तरी पोर्टची संख्या बदलते. आधीच्या वर्कशॉपची वायरिंगची आकृती असेल तर ती हवीच. काम उत्पादकाच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलप्रमाणे होते आणि त्याची नोंद विमानाच्या लॉगमध्ये जाते.

काम संपल्यावर नव्या वायरिंगची आकृती आणि सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो आम्ही एका पाकिटात घालून देतो. ते विमानाच्या कागदपत्रांतच ठेवा, घरी कपाटात नको. पुढे कुणी वेगळ्याच हँगरमध्ये ते पॅनेल उघडेल, तेव्हा त्याला पहिल्यांदा तेच लागेल.