समीकरणाकडून फलाकडे: द्विघाती प्रतिमानांची पार्श्वभूमी

वर्गसमीकरणे सोडवण्याची रीत सुमारे चार हजार वर्षे जुनी असली, तरी बदलत्या घटनेचे वर्णन त्याच गणिताने करावे ही कल्पना जेमतेम चारशे वर्षांची आहे, आणि हा फरक ध्यानात घेतल्याखेरीज द्विघाती फलांचे, म्हणजे एक राशी दुसरीच्या वर्गानुसार कशी बदलते हे सांगणाऱ्या संबंधांचे, मोल नीट कळत नाही.

चौरसाचे क्षेत्रफळ आणि त्याची बाजू यांची बेरीज पाऊण आहे, तर बाजू किती, असा प्रश्न बाबिलोनी मातीच्या पाटीवर आढळतो, उत्तर अर्धा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) निम्म्या थव्याचे वर्गमूळ आणि संपूर्ण थव्याचे आठ-नवमांश इतके भुंगे मालतीकडे जातात, मागे एक जोडी उरते आणि थवा ७२ भुंग्यांचा निघतो. उदाहरणे देखणी आहेत, पण त्यांतली अज्ञात राशी स्थिर आहे. ती सापडली की प्रश्न संपतो.

एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते, हा प्रश्न गतीच्या अभ्यासात ऐरणीवर आला. गॅलिलिओने लाकडी फळीला खाच पाडून, तीत गुळगुळीत चर्मपत्र बसवून, उतारावरून धातूची गोळी सोडली आणि तेवढ्या वेळात भांड्यातून गळलेले पाणी तराजूत तोलले. पाण्याचे वजन हेच त्याचे वेळेचे माप होते. कापलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात भरले, म्हणजेच लागोपाठच्या समान कालखंडांतली अंतरे १, ३, ५, ७ अशी वाढत गेली. आडवा वेग कायम राहून वस्तू याच नियमाने पडत असेल, तर तिचा मार्ग अन्वस्त (पॅराबोला) असतो, हे त्याने १६३८ च्या ग्रंथात दाखवले. ग्रीक गणिती अपोलोनियसने त्याच्या सुमारे अठराशे वर्षे आधी निव्वळ भूमिती म्हणून अभ्यासलेला वक्र असा प्रत्यक्ष हालचालीत सापडावा, ही मला या इतिहासातली सर्वांत विलक्षण घटना वाटते. वक्राला समीकरणाच्या रूपात मांडण्याची सोय फ्रेंच गणिती देकार्तच्या ‘भूमिती’ या ग्रंथाने आदल्याच वर्षी केली होती.

प्रतिमानाची मर्यादाही लवकरच उघड झाली. इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये लंबकाच्या साहाय्याने बंदुकीच्या गोळ्यांचे वेग मोजले, तेव्हा हवेचा रोध समजुतीपेक्षा फारच मोठा असल्याचे दिसले. संथ फेकलेल्या जड वस्तूला अन्वस्त लागू पडतो. वेगवान गोळ्याला नाही.

पुढे फ्रेंच गणिती लजांद्रने १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लघुतम वर्ग पद्धतीमुळे (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवण्याच्या रीतीमुळे) निरीक्षणांवरून सूत्रातले सहगुणक ठरवता येऊ लागले, तर फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ कूर्नोने १८३८ मध्ये मागणीला किमतीचे फल मानले. मागणी किमतीबरोबर सरळ रेषेत घटत असेल, तर उत्पन्न (किंमत गुणिले मागणी) किमतीचे द्विघाती फल होते आणि ते एका ठरावीक किमतीला कमाल असते. वाहन थांबण्याच्या अंतरातही वर्ग येतो: वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर साधारण चौपट होते, मात्र चालक सावध होईपर्यंतचे अंतर दुपटीनेच वाढते, म्हणून त्या सूत्रात वर्गपदासोबत एकघाती पदही ठेवावे लागते.