दगड, काच आणि तांब्याची पट्टी

गेल्या पावसाळ्यात रात्री अडीचला पाणी प्यायला उठलो आणि पाय ओल्या चटईवर पडला. छप्पर गळतंय असं वाटलं. आमचं बेळगावातल्या शहापूरचं घर जुनं, कौलारू, त्यामुळं पहिला संशय कौलांवरच. दिवा लावला तर माशांच्या तीन फुटी टँकमधलं पाणी निम्म्यावर आलेलं आणि तळाच्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. मासे बादलीत काढले, उरलेली रात्र फडकं पिळण्यात गेली.

टँकमध्ये काळ्या दगडाचा नऊ किलोचा एक धोंडा होता. तो ठेवून दीड महिना झालेला. घरात सगळ्यांचा निकाल एकच: दगड जड झाला.

शेजारचे मामा उद्यमबागेतल्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर होते. त्यांनी वजनाचं विचारलंच नाही. "खाली पॅकिंग काय घातलेलास गा?" म्हणाले. मी म्हटलं, वाळू. "मग ती वाळूच बाधली की." फिनिश झालेला जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, धरताना जबड्याचा वण उठू नये म्हणून ते मध्ये तांब्याची पट्टी घालायचे. तांबं मऊ, ते स्वतः दबतं आणि जॉब वाचतो.

मामांचं म्हणणं आकड्यांत मांडून बघू. माझ्या टँकमध्ये पाणी ४५ सेंटिमीटर उंच. म्हणजे तळाच्या दर चौरस सेंटिमीटरवर ४५ ग्रॅम भार. संपूर्ण तळावर हा भार दीडशे किलोच्या वर जातो आणि काच तो मुकाट्यानं सोसते, कारण तो सगळीकडं सारखा पसरलेला असतो. आता धोंडा. काळ्या दगडाची घनता पाण्याच्या सुमारे तिप्पट, म्हणून नऊ किलोचा दगड तीन लिटर पाणी बाजूला सारतो आणि पाण्यात सहा किलोच भरतो. पण खडबडीत दगड सपाट काचेवर सबंध टेकतच नाही. चुलीच्या तीन दगडांवर भांडं बसतं तसा तो तीन टोकांवर बसतो. एकेक टोक दोन चौरस मिलिमीटरचं धरा. सहा किलो भार सहा चौरस मिलिमीटरवर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो. पाण्याच्या दाबाच्या दोन हजार पटींहून जास्त!

तरीही काच नुसती दाबली तर बरंच सोसते. ती हरते ताणापुढं. टोकाखाली काच दबते, पण टोकाच्या अगदी कडेला, बांगडीसारख्या वर्तुळात, तिचा पृष्ठभाग ओढला जातो. त्या वर्तुळात ओरखडा असला की संपलं. काच कापणारा कारागीर हेच मुद्दाम करतो. हिऱ्याच्या कलमीनं एक रेघ ओढतो, काच टेबलाच्या कडेला आणून हलकेच दाबतो, आणि ती रेघेवरच दुभंगते. १९२१ साली इंग्लंडमधल्या ए. ए. ग्रिफिथ या अभियंत्यानं याचं गणित मांडलं: भेगेच्या टोकाशी ताण कैक पटींनी गोळा होतो, म्हणून काचेची ताकद तिच्यावरच्या बारीक, न दिसणाऱ्या चिरांवर ठरते. नुकतेच ओढलेले काचेचे बारीक धागे त्याला जाड काचेपेक्षा कितीतरी मजबूत आढळले.

आता वाळूकडं. वाळूचा कण बहुधा गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा. कठीणपणाच्या मोह्झ मोजपट्टीवर ७. काच साडेपाचच्या आसपास. धोंड्याखाली सापडलेला कण टोचतो आणि ओरखडतोही. कारागिराची कलम मी स्वतःच तळाशी ठेवली होती.

मग दीड महिना टँक टिकला कसा? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट हीच. काच म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या बंधांचं जाळं. भेगेच्या टोकाशी हे बंध ताणलेले असतात. तिथं पाण्याचा रेणू शिरतो आणि ताणलेला बंध तोडतो. मग पुढचा. भेग दिसणार नाही अशा चालीनं सरकते आणि ठरावीक लांबी गाठली की क्षणात आरपार जाते. रात्री अडीचला कुणी काही केलेलं नव्हतं, भेगेची वेळ भरली होती इतकंच.

नव्या टँकमध्ये आधी पाटीवाले वापरतात तो पांढरा, कोरा पीव्हीसी फोम बोर्ड घातला, पाच मिलिमीटरचा. तो तरंगतो, म्हणून सिलिकॉन गोंदाचे चार ठिपके देऊन चिकटवला. त्यावर दगड आणि शेवटी वाळू. हा क्रम महत्त्वाचा, कारण सिक्लिड जातीचे मासे वाळू उकरतात; वाळूवर ठेवलेला दगड एक दिवस कलतो आणि बाजूच्या काचेवर जातो. थर्माकोल आत नको, मासे त्याचे मणी टोचून काढतात. तो टँकच्या खाली घालावा. मात्र तळाची काच कडेच्या फ्रेमवर अधांतरी असेल तर तिथंही नको. आणि टँक धुताना पाणी काढलं की सहा किलोचा दगड पुन्हा नऊ किलोचा होतो, म्हणून दगड आधी उचलावेत.

दगडांची आपल्याकडं ददात नाही. खानापूरकडचा जांभा सच्छिद्र, म्हणून आकाराच्या मानानं हलका. गोकाकचा वाळूचा दगड दिसायला देखणा, पण गारेनं भरलेला, खाली पॅकिंग हवंच. लोकापूरकडची चुनखडी मी टाळतो, तिनं पाण्यात क्षार वाढतात. लिंबू पिळून फेस आला की ओळखावी.

परवा सफाईला तोच काळा धोंडा उचलला. पांढऱ्या बोर्डावर तीन खळगे पडले होते. दोन उथळ, आणि तिसरा करंगळीचं नख बसेल इतका खोल.