पाया खणताना लागलेली काळी वाळू

मागच्या उन्हाळ्यात बेळगावच्या अनगोळात घरामागं एक खोली वाढवायची म्हणून पाया खणला, तर वरचे तीन फूट मातीच लागेना. सिमेंटचे ढेकळं, फुटक्या टाइल्स, गुटख्याच्या पुड्या आणि त्याखाली काळी भुरभुरीत वाळू. गवंडी म्हणाला, "उद्यमबागची वाळू हाय की वो ही, पूर्वी खड्डे भरायला हीच टाकत होते." उद्यमबाग म्हणजे इथली कारखान्यांची वसाहत, आणि ही वाळू म्हणजे तिथल्या फाउंड्रीची, लोखंड ओतायच्या कारखान्याची, मोल्डिंग सँड. वाळूत बेंटोनाइट ही चिकट माती आणि कोळशाची पूड घालून साचा करतात, त्यात वितळलेलं लोखंड ओततात, वापरून वापरून निकामी झाली की फेकून देतात. त्याखाली मग आपली लाल माती, जांभा.

आता हा जांभा म्हणजे तरी काय, दख्खनचा लाव्हा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तो पावसात कुजत गेला, सिलिका वाहून गेली, लोखंड आणि अॅल्युमिनियम मागं राहिलं. याला लाखो वर्षं गेली. वरचे तीन फूट आमच्या गल्लीनं ४० वर्षांत घातले!

मला गंमत वाटली ती पुडीची. आतला चकचकीत पापुद्रा अॅल्युमिनियमचा. जांभ्यात अॅल्युमिनियम भरपूर, पण कायम ऑक्सिजनला चिकटलेलं, सुटा धातू निसर्गात जवळपास मिळतच नाही, ढीगभर वीज लावून माणूसच तो सोडवतो. त्यामुळं खणताना तो दिसला की समजायचं, थर माणसाचा.

शिवाय लाल मातीच्या वरच्या वीतभरात, भर पडायच्या आधी जी उघडी होती तिच्यात, प्लुटोनियम या किरणोत्सर्गी धातूचा अंश असणार. १९४५ नंतरच्या अणुचाचण्यांची धूळ जगभर पडली, आपलं शिवार कसं सुटेल? त्यातलं प्लुटोनियम-२३९ हा प्रकार निम्मा व्हायलाच २४ हजार वर्षं लागतात.

याच खुणेवर शास्त्रज्ञांच्या एका गटानं 'अँथ्रोपोसीन' म्हणजे मानवयुग १९५० च्या सुमारास सुरू झालं असं मांडलं, नमुना म्हणून कॅनडातल्या क्रॉफर्ड तळ्याचा गाळ निवडला, तिथं वर्षावर्षाचा थर वेगळा मोजता येतो. २०२४ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या मतदानात प्रस्ताव पडला. शेती, जंगलतोड हजारो वर्षांची, मग सुरुवात १९५० लाच का, हा एक आक्षेप. मला तो पटतो, पण खड्ड्यातली रेघ मात्र सुरीनं कापल्यासारखी होती, वर काळं खाली लाल.

गवंडी म्हणाला काळ्या वाळूवर पाया धरत नाही, लाल लागेपर्यंत खणा. खणलं. ती सगळी वाळू दोन ट्रॉल्या भरून मच्छे गावाकडं कुणाच्या तरी प्लॉटात भर घालायला गेली.