गाडी उंच केल्यावर येणारी शाफ्टची थरथर

मालवाहू पिकअप किंवा जीपच्या मागच्या कमानीत जादा पाटे टाकून, कमान आणि धुऱ्यामध्ये गुटका (ठोकळा) बसवून वा लांब शॅकल (कमानीचे मागचे टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) लावून गाडी उंच केली, की ठरावीक वेगाला तळातून थरथर येऊ लागते. तिचे मूळ बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सची गती मागच्या धुऱ्याला नेणाऱ्या लांब दांड्याच्या, बदललेल्या कोनात असते. विदर्भातल्या खेड्यांत गाडी उंच करण्यामागे हौस कमी आणि गरज जास्त. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत चाकोऱ्या इतक्या खोल जातात, की डिफरन्शियलचा (शाफ्टची गती दोन्ही चाकांना वाटणाऱ्या, धुऱ्याच्या मधल्या भागाचा) गोळा मधल्या उंचवट्यावर टेकतो आणि भरलेली गाडी तिथेच बसते.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉसचे सांधे असतात. असा सांधा कोनात फिरला, की पुढच्या बाजूने एकसारखी आलेली गती मागे एकसारखी जात नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते, दोनदा कमी होते. हा चढउतार ३ अंशांच्या कोनाला जेमतेम ०.१४ टक्के असतो, १० अंशांना मात्र दीड टक्क्यावर जातो. दुसरा सांधा तेवढ्याच कोनात असेल आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असतील, तर डिफरन्शियलपर्यंत पोचेतो तो पुसला जातो. शाफ्ट स्वतः मात्र हिसके खातच फिरतो. म्हणून दोन्ही कोन सारखे असणे पुरेसे नाही, ते लहानही हवेत. वेगाने पळणाऱ्या गाडीला ३ अंशांच्या आसपास ठीक. अगदी शून्य कोनही वाईट, कारण मग क्रॉसच्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) जागच्या हलत नाहीत आणि तिथेच खाच पाडतात.

अशी गाडी गॅरेजला गेली, की आधी क्रॉस बदलला जातो, मग शाफ्ट बॅलन्सला जातो, आणि कोन मोजायचे राहूनच जाते. हा उलटा क्रम मालकाच्या खिशाला महाग पडतो. चाकाचा दोष वेगळा ओळखता येतो. चाकाचा घेर २.२ मीटर आणि डिफरन्शियलचे प्रमाण ४ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार) धरले, तर ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साडेसात फेरे घेते, शाफ्ट ३०, आणि क्रॉसच्या कोनाची थरथर ६० वेळा येते. चाकाची थरथर डुलल्यासारखी लागते, क्रॉसच्या कोनाची तळपायाला झिणझिणते. पांदणीतून आलेल्या गाडीच्या रिममध्ये आतून वाळलेली माती चिकटली असेल, तर ती खरवडल्यावरच पुढचा विचार करावा. त्याच वेगाला गिअर बदलूनही थरथर तशीच राहिली, तर इंजिनावरचा संशय सोडावा.

मोजणी सपाट जागी, चाके जमिनीवर ठेवूनच करावी. जॅकवर लोंबणाऱ्या धुऱ्याचा कोन खोटा येतो. समजा गिअरबॉक्सचा शाफ्ट मागे ३ अंश उतरता आहे, प्रोपेलर ९ अंश उतरता, आणि पिनियनचे (डिफरन्शियलमधल्या, शाफ्टला जोडलेल्या दातेरी दांड्याचे) पुढचे नाक १ अंश वर, म्हणजे तोही मागे १ अंश उतरता. म्हणजे पुढचा सांधा ६ अंश, मागचा ८. पाट्याखाली २ अंशांची लोखंडी पाचर घातली, तर पिनियन ३ अंशांवर येऊन दोन्ही ६ होतात. पाटा धुऱ्याच्या वर असेल, तर पाचरेची जाड बाजू मागे ठेवल्याने नाक वर जाते. लांब शॅकलने मात्र नाक आधीच वर गेलेले असते; तिथे पाचर उलटी लागते. ६ अंशही जास्तच, तेव्हा उंचीच थोडी कमी करणे शहाणपणाचे.

इथे मालाचा भार विसरून चालत नाही. कापूस भरून जिनिंगला निघालेली गाडी पाटे दबल्याने खाली बसते, कोन घटतो, आणि वेगही बेताचा असतो. परतताना ती रिकामी, उंच आणि डांबरी रस्त्यावर भरधाव. तक्रार बहुधा या परतीच्या फेरीतली असते, म्हणून रिकाम्या गाडीवरही मोजणी हवी.

दोन तुकड्यांच्या शाफ्टवर गाडी जागेवरून उचलतानाच हादरा येत असेल, तर दोन तुकड्यांच्या मधला आधार असलेले सेंटर बेअरिंग पाहावे. त्याच्या पट्टीखाली पॅकिंग देऊन ते खाली घेता येते. शाफ्ट खोलण्याआधी स्लिप जोडावर (शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणाऱ्या सरकत्या जोडावर) खूण करावी, नाहीतर योक एका रेषेत बसत नाहीत. उंचीमुळे स्लिपची पकड कमी झाली असेल, तर लांब शाफ्टच करून घ्यावा लागतो.

पाचर लाकडाची कधीच नको. कमान धुऱ्याला आवळणारे यू बोल्ट नवे घालून थोडी गाडी चालवल्यावर पुन्हा आवळावेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांना मनाई आहे, हेही गाडी उंच करण्याआधीच पाहिलेले बरे.